विश्लेषण : दुधाच्या चॉकलेटचे जुने घर पाहुण्यांसाठी का उघडले? स्वित्झर्लंडच्या ‘काये’ कारखान्याची गोष्ट काय सांगते?

स्वित्झर्लंडमधील ब्रोक हे जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचे गाव. तिथल्या चॉकलेट कारखान्यात दरवर्षी गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट पाहुणे येतात. कोणी सहलीचा एक थांबा म्हणून येते, कोणी चॉकलेट बनवायला शिकण्यासाठी. ‘काये’ हा १८१९ पासूनचा, स्वित्झर्लंडमधील आजही सुरू असलेला सर्वांत जुना चॉकलेट ब्रँड. दुधाचे चॉकलेट ज्या घराण्याच्या जावयाने घडवले, तेच हे घराणे. मात्र दोनशे वर्षांचा वारसा गाठीशी असूनही याच ब्रँडवर वीस वर्षांपूर्वी नामुष्कीची वेळ आली होती. त्यानंतर कारखान्याची दारे नव्याने उघडली गेली. आत गेल्यावर बरेच काही दिसते आणि एक महत्त्वाची गोष्ट दिसत नाही.

‘काये’ म्हणजे कोण?

नावाचे स्पेलिंग वाचून अनेक भारतीय पर्यटक ‘कायलर’ किंवा ‘केलर’ म्हणतात. फ्रेंच उच्चार ‘काये’ असा आहे. फ्रान्स्वा-लुई काये (१७९६-१८५२) याने १८१९ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हेवे शहराजवळ कोर्सिए येथे चॉकलेटचा छोटा कारखाना काढला. (चार्ली चॅप्लिन आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे राहिला, तेही हेच कोर्सिए.) फ्रान्स्वा-लुई इटलीतील तुरीन शहरात ही विद्या शिकला, असे सांगितले जाते. तेव्हा तुरीन हे युरोपातील चॉकलेटचे मोठे केंद्र होते, त्यामुळे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. पण अशा घराणेकथांत खरे किती आणि नंतर रंगवलेले किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

त्या काळी चॉकलेट म्हणजे मुख्यतः पिण्याचा पदार्थ. भाजलेला कोको दगडावर वाटायचा, साखर घालायची आणि गरम पाण्यात किंवा दुधात घोटून प्यायचा. औषधविक्रेतेही तो विकत. कायेने वाटण्याचे काम यंत्राकडे सोपवले. पाठोपाठ फिलिप सुशार याने १८२६ मध्ये आणि कोलर बंधूंनी १८३० च्या सुमारास आपापले धंदे सुरू केले. नेदरलँड्समध्ये १८२८ साली व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तर इंग्लंडमध्ये १८४७ साली फ्राय कंपनीने खाण्याची वडी बाजारात आणली. वडी तयार झाली, पण ती काळी आणि कडू होती. दूध तिच्यात अजून आलेले नव्हते.

दूध आणि चॉकलेट यांचे का जमत नव्हते?

हा प्रश्न वरवर विचित्र वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये दुधाला तोटा नव्हता आणि चॉकलेटही होते. मग दोन्ही एकत्र करायला अर्धे शतक का लागले?

घरी चॉकलेट वितळवणाऱ्या कोणालाही याचे उत्तर अनुभवाने माहीत असते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले, तर ते पातळ होण्याऐवजी एकदम घट्ट होते, आखडते, त्याचा गोळा होतो. चॉकलेट म्हणजे कोको बटर या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण. चांगल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असते. पाणी शिरले की साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि सगळा प्रवाह अडतो. गायीच्या दुधात तर सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हणजे लिटरभर दुधात कामाचे घन पदार्थ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, बाकी पाणीच. शिवाय ओलसर वडीला बुरशी लागते आणि दुधातली चरबी खवट होते, हे वेगळेच.

हा तिढा सोडवणारा माणूस मूळचा चॉकलेटवाला नव्हता. दानिएल पीटर (१८३६-१९१९) व्हेवेमध्ये मेणबत्त्या बनवत असे. रॉकेलचे दिवे आले आणि मेणबत्त्यांचा धंदा बसू लागला. दरम्यान १८६३ मध्ये त्याचे फॅनी कायेशी लग्न झाले होते. ती फ्रान्स्वा-लुई कायेची मुलगी. सासुरवाडीचा धंदा समोर होताच. पीटर चॉकलेटकडे वळला आणि १८६७ पासून दुधाच्या मागे लागला. चॉकलेटवाले गावोगावी झाले होते, त्यांच्यात टिकायचे तर वेगळे काही हवे, हा हिशेब त्यामागे होता. सुरुवातीच्या मिश्रणांना काही दिवसांत वास सुटे. पाणी पुरते काढल्याशिवाय दूध चॉकलेटमध्ये नांदणार नाही, हे त्याला उमगले. साधारण आठ वर्षांच्या खटपटीनंतर, १८७५ मध्ये, आटवलेले दूध वापरून आणि उरलेले पाणी हळूहळू उडवून त्याने टिकणारे दुधाचे चॉकलेट तयार केले. पुढे त्याच्या वडीला नाव मिळाले ‘गाला पीटर’. ग्रीक भाषेत ‘गाला’ म्हणजे दूध.

इथे दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पीटरचा शेजारी आन्री नेस्ले होता आणि त्यानेच पीटरला आटीव दूध दिले, ही कथा सर्रास सांगितली जाते. शेजार खरा आहे. पण नेस्लेचे तेव्हाचे प्रसिद्ध उत्पादन म्हणजे तान्ह्या मुलांसाठीचे दूध-पीठ (१८६७). १८७५ मध्ये तर त्याने स्वतःची कंपनी विकूनही टाकली. नेस्ले नावाची कंपनी आटीव दुधाच्या धंद्यात उतरली १८७८ मध्ये. युरोपात आटीव दुधाचा मोठा कारखाना १८६६ मध्ये निघाला तो अमेरिकी पेज बंधूंचा, शाम या गावी. ती कंपनी आणि नेस्ले १९०५ मध्ये एक झाल्या. दुसरी दुरुस्ती ‘जगातील पहिले’ या बिरुदाविषयी. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या जॉर्डन आणि टिमेउस कंपनीने १८३९ मध्येच दूध घातलेल्या चॉकलेटची जाहिरात केली होती. त्यामुळे पीटरचे श्रेय कल्पनेपेक्षा कृतीचे अधिक: मोठ्या प्रमाणावर बनेल, टिकेल आणि परदेशी जाईल असे दुधाचे चॉकलेट त्याने उभे केले.

कारखाना ब्रोकलाच का गेला?

काये घराण्याचा नातू अलेक्झांद्र काये याने १८९८ मध्ये कारखाना फ्रिबूर प्रांतातील ब्रोक येथे उभारला. कारणे अगदी व्यवहारी होती. हा ग्रुयेरचा प्रदेश, त्याच नावाच्या चीजसाठी प्रसिद्ध. डोंगरउतारावर कुरणे, दारात दूध. जोन्य नदीच्या पाण्यावर यंत्रे चालवण्याची सोय. कोको बाहेरून आणावाच लागणार होता. तो टिकाऊ, पोत्यात भरून कुठेही नेता येतो. दूध मात्र नासते. म्हणून कारखाना दुधाजवळ गेला. साखर कारखाना उसाच्या पट्ट्यात का असतो, हे पश्चिम महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

गाव कारखान्याभोवती वाढले. एका टप्प्यावर इथे हजाराहून अधिक कामगार होते. १९१२ मध्ये बुल शहरापासून रेल्वे थेट कारखान्याच्या दारात आली आणि शेवटच्या स्थानकाचे नाव कित्येक दशके ‘ब्रोक-फाब्रिक’ म्हणजे ‘ब्रोक कारखाना’ असेच राहिले. पीटर आणि कोलर १९०४ मध्ये एकत्र आले होते. १९११ मध्ये काये त्यांना मिळाले आणि १९२९ मध्ये हे सगळे नेस्लेत विलीन झाले. म्हणजे सासरा, जावई आणि शेजारी अखेर एकाच छत्राखाली आले.

आटीव दूध की दुधाची पूड? फरक काय पडतो?

आज जगातले बहुतेक दुधाचे चॉकलेट पूड घालून बनते. पूड कोरडी, स्वस्त, साठवायला सोपी. कोको, साखर आणि पूड एकत्र करून रोलरमधून बारीक करायचे, की झाले. ब्रोकमध्ये मात्र आसपासच्या गोठ्यांतून येणारे ताजे दूध कारखान्यातच आटवले जाते आणि ते कोको-साखरेत मिसळून मग पाणी उडवले जाते. स्वित्झर्लंडच्या चॉकलेट उद्योगात ही जुनी पद्धत अद्याप धरून असणारा आपण एकमेव मोठा उत्पादक आहोत, असा कायेचा दावा आहे.

पूड सोडून हा उपद्व्याप कशासाठी, याचे उत्तर मराठी स्वयंपाकघरात सहज सापडते. दुधाच्या पुडीचा पेढा आणि दूध आटवून केलेल्या खव्याचा पेढा यांत जो फरक, तोच इथे. दूध साखरेसह मंद आचेवर आटते तेव्हा त्यातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात रासायनिक प्रक्रिया होते, रंग बदामी होतो, खमंगपणा येतो. सातारच्या कंदी पेढ्याचा वास आणि रंग त्याच प्रक्रियेचे फळ आहे. इंग्लंडच्या जुन्या कारखानदारांनीही साखर-दूध-कोको एकत्र आटवून वाळवलेला चुरा वापरण्याची पद्धत रूढ केली. इंग्लिश दुधाच्या चॉकलेटला किंचित कॅरॅमलची चव येते ती त्यामुळे. कोणती चव श्रेष्ठ, हा सवयीचा प्रश्न आहे. मात्र पुडीच्या तुलनेत ही पद्धत महाग आणि किचकट आहे, यात वाद नाही.

मऊपणाचे श्रेय आणखी एका स्विस माणसाला जाते. बर्नच्या रोडोल्फ लिंट याने १८७९ मध्ये चॉकलेट तासन्‌तास घुसळत ठेवण्याची पद्धत काढली. तिला ‘काँचिंग’ म्हणतात. आंबट वास उडून जातो आणि प्रत्येक कणाभोवती चरबीचा पापुद्रा बसतो. जिभेला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण रवाळ लागतो. म्हणून चांगले चॉकलेट वीसेक मायक्रॉनपर्यंत बारीक केलेले असते.

२००६ मध्ये काय बिनसले?

स्विस माणूस वर्षाला साधारण दहा-अकरा किलो चॉकलेट खातो. काये ब्रँडची मुख्य बाजारपेठ स्वित्झर्लंडच. लिंट किंवा टोब्लरोनसारखा तो जगभरच्या विमानतळांवर दिसत नाही. १९०२ च्या ‘फेमिना’ची पेटी, १९२३ चे ‘फ्रिगोर’, लहान मुलांच्या डब्यात जाणारी ‘ब्रांश’ ही कांडी, या तिथल्या लोकांच्या घरच्या आठवणी. ब्रँड मात्र थकल्यासारखा झाला होता. नेस्लेने तो झळकवायचे ठरवले आणि वेष्टनाचे काम दिले प्रख्यात फ्रेंच वास्तुरचनाकार जाँ नूव्हेल यांना. २००६ च्या सुरुवातीला चकचकीत, पारदर्शक प्लास्टिकच्या रंगीत डब्यांत काये दुकानांत आले. किंमतही वाढली.

ग्राहक बिथरले. कागद आणि चांदीची सवय असलेल्या, कचरा वेगळा करण्याबाबत काटेकोर असलेल्या देशात एवढे प्लास्टिक कशाला, असा सूर उमटला. डेनर या मोठ्या दुकानसाखळीने किमतीच्या वादातून माल ठेवणेच बंद केले. विक्री घसरत गेली आणि थोड्याच काळात नेस्लेला नवे वेष्टन मागे घ्यावे लागले. व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही या प्रकरणाचा दाखला दिला जातो. आतल्या चॉकलेटविषयी कोणाची तक्रार नव्हती. बिनसले ते आपल्या घरातली वस्तू परकी वाटू लागली म्हणून.

ब्रोकचा कारखाना पाहायला लोक आधीही येत असत. पण २०१० मध्ये ‘मेझाँ काये’, म्हणजे ‘कायेचे घर’, या नावाने तिथे मोठे अभ्यागत केंद्र सुरू झाले. त्याचा २००६ शी थेट संबंध कंपनी जोडत नसली, तरी क्रम बोलका आहे. ब्रँडची ओळख बाहेरून चढवण्याचा प्रयत्न फसला होता. मग जे मुळात आहे तेच, म्हणजे गाव, गायी, दूध आणि यंत्रे, दाखवायचे ठरले. फ्रेंच भाषक स्वित्झर्लंडमधील सर्वाधिक गर्दीच्या पर्यटनस्थळांत आता त्याची गणना होते.

आत काय पाहायला मिळते?

फेरीची सुरुवात नाट्यमय आहे. एकामागून एक दालनांची दारे उघडतात. प्रकाश, आवाज आणि हलत्या देखाव्यांतून अॅझटेक लोकांच्या कोकोपेयापासून स्पॅनिश स्वाऱ्या, युरोपातील दरबार आणि मग काये-पीटर-कोलर असा इतिहास उलगडतो. निवेदन अनेक भाषांत आहे. हा भाग काहीसा जत्रेतल्या देखाव्यांसारखा वाटतो, लहान मुलांना भावतो. इतिहास जाणणाऱ्याला घाईचा वाटेल.

खरी गंमत पुढे आहे. पोत्यांतल्या कोकोबिया, कोको बटर, हेझलनट, बदाम हे सारे हाताळता येते, हुंगता येते. कच्च्या कोकोबीला चॉकलेटचा वास जवळपास नसतो. तो आंबवणे, वाळवणे आणि भाजणे यांतून येतो. हे वाचून कळते, पण बी नाकाशी धरल्यावर पटते. नंतर काचेपलीकडे ‘ब्रांश’ कांड्या बनवणारी छोटी उत्पादनरांग दिसते. शेवटच्या दालनात चव घेण्यासाठी कायेचे निरनिराळे प्रकार मांडलेले असतात आणि हवे तितके खाता येतात. अनुभवी पर्यटक इथे येण्यापूर्वी जेवण हलके ठेवतात.

शिकायला येणाऱ्यांच्या पदरात काय पडते?

केंद्रात ‘आतलिए द्यु शोकोला’, म्हणजे चॉकलेटची कार्यशाळा, आहे. तासा-दोन तासांच्या सत्रात मुले आणि मोठे चॉकलेट-कारागिरांच्या देखरेखीखाली स्वतः वड्या ओततात, सजवतात किंवा भरलेली चॉकलेटे बनवतात. बनवलेले घरी नेता येते. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

इतक्या वेळात कोणी मिठाईवाला होत नाही, हे उघड आहे. स्वित्झर्लंडमध्ये या व्यवसायाचे रीतसर शिक्षण तीन वर्षांचे आहे. सोळाव्या वर्षाच्या आसपास मुले-मुली एखाद्या दुकानात उमेदवारीला लागतात; आठवड्यातील बरेच दिवस प्रत्यक्ष काम, उरलेला वेळ व्यवसाय शाळेत, शेवटी सरकारी परीक्षा. शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी जवळपास दोन तृतीयांश अशा कोणत्या ना कोणत्या व्यावसायिक शिक्षणाकडे जातात. त्यात कमीपणा मानला जात नाही, पगारही सुरू होतो. कार्यशाळेचा उपयोग त्याआधीचा आहे: हे काम आपल्या हाताला आणि स्वभावाला झेपते का, याचा अंदाज तिथे येतो.

या अंदाजाची कसोटी म्हणजे ‘टेम्परिंग’. नवशिक्याला सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट हीच. कोको बटर थिजताना त्याचे स्फटिक सहा प्रकारे रचले जाऊ शकतात. त्यांतला पाचवा प्रकार हवा असतो. तो जमला तर वडीला चकाकी येते, ती ‘कट्‌’ आवाजाने मोडते, साच्यातून अलगद सुटते आणि ३४ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेला, विरघळते. इतर प्रकार मिसळले तर वडी मऊ, निस्तेज होते आणि काही दिवसांत तिच्यावर पांढुरकी पुटे चढतात. अनेकजण त्या पुटांना बुरशी समजून चॉकलेट फेकून देतात. ती बहुधा वर आलेली चरबी असते आणि खाण्यास अपायकारक नसते.

हवे ते स्फटिक मिळवण्यासाठी दुधाचे चॉकलेट आधी ४५ अंशांपर्यंत वितळवतात, जुने सगळे स्फटिक मोडतात. मग ढवळत ते २६-२७ अंशांपर्यंत उतरवतात आणि पुन्हा २९-३० अंशांवर आणतात, म्हणजे नको असलेले स्फटिक वितळतात आणि हवे तेवढे उरतात. काळ्या चॉकलेटला हे आकडे एक-दोन अंशांनी वर. दुधातली चरबी कोको बटरला मऊ करते, म्हणून हा फरक. चूक एखाद्या अंशाची असली तरी निकाल दिसतो. खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी हवी.

मुंबई-पुण्यात घरोघरी चॉकलेटचे वर्ग चालतात, दिवाळीत घरगुती चॉकलेटच्या पेट्या विकल्या जातात. तिथे सहसा टेम्परिंगचा विषय निघत नाही, कारण वापरले जाते ते ‘कंपाउंड’. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, काम झाले. मे महिन्यातल्या दादर-ठाण्याच्या हवेत हा मार्ग सोयीचाच आहे. मात्र कोको बटरसारखे ते जिभेवर क्षणात विरघळत नाही, मेणचट थर मागे राहतो. गेल्या काही वर्षांत भारतात कोकोबीपासून वडीपर्यंत सगळे स्वतः करणारे छोटे उत्पादक उभे राहिले आहेत. त्यांना पहिला खर्च करावा लागतो तो थंड, कोरड्या खोलीवर.

काचेपलीकडे काय दिसत नाही?

ब्रोकमध्ये दुधाचा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो: खिडकीबाहेर कुरण, कुरणात गाय. कोकोचा प्रवास तसा दिसू शकत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, बहुतांशी काही एकरांच्या छोट्या शेतांतून. शिकागो विद्यापीठाशी संलग्न ‘नॉर्क’ या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, या दोन देशांच्या कोको पट्ट्यात २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. बालमजुरीचे सर्वांत घातक प्रकार संपवण्याची हमी चॉकलेट उद्योगाने २००१ मध्येच दिली होती.

कायेची मालक असलेली नेस्ले या वादापासून दूर नाही. लहानपणी आयव्हरी कोस्टच्या शेतांवर राबवले गेल्याचे सांगणाऱ्या मालीच्या सहा नागरिकांनी नेस्लेच्या अमेरिकी कंपनीविरुद्ध लावलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२१ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मात्र तो मुख्यतः अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर होता. घटना परदेशात घडल्या आणि अमेरिकेत घेतलेले सर्वसाधारण निर्णय खटल्यासाठी पुरेसे नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मुले राबली नाहीत, असे त्यात म्हटलेले नाही. नेस्लेने २००९ पासून कोको शेतकऱ्यांसाठी योजना सुरू केली आहे आणि मुलांना शाळेत पाठवणाऱ्या, झाडांची छाटणी करणाऱ्या कुटुंबांना थेट रोख रक्कम देण्याचा कार्यक्रम जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला.

भावाने या प्रश्नाला नवे वळण दिले. पश्चिम आफ्रिकेत अवेळी पाऊस, झाडांचे रोग आणि म्हातारी झाडे यांमुळे पीक घटले आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोने टनाला १२ हजार डॉलरची पातळी ओलांडली. दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये भाव बरेच उतरले. दोन्ही देशांत शेतकऱ्यांना मिळणारा दर हंगामाआधी सरकार ठरवते. त्यामुळे तेजीचा लाभ त्यांच्यापर्यंत उशिरा आणि अपुरा पोचला. उसाच्या दराचे गणित जाणणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

‘स्विस’ या शब्दाचा कायदाही हेच अंतर अधोरेखित करतो. २०१७ पासूनच्या नियमांनुसार, खाद्यपदार्थावर स्विस म्हणून शिक्का मारायचा तर वजनाने ८० टक्के कच्चा माल आणि दूध तर शंभर टक्के स्विस हवे. कोको तिथे पिकतच नाही, म्हणून तो हिशेबातून वगळला आहे. काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवल्यानंतर २०२३ मध्ये टोब्लरोनच्या डब्यावरून मॅटरहॉर्न शिखराचे चित्र काढावे लागले, ते याच नियमांपोटी.

ब्रोकला जायचे कसे?

भारतातून जाणाऱ्या बहुतेक सहली टिटलिस आणि युंगफ्राउ करून परततात. ग्रुयेर त्यांच्या वाटेवर नसते. पण माँत्र्यो शहरातून निघणारी डोंगरी रेल्वे अनेकांना परिचित आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधल्या झानेनचा परिसर याच मार्गावर येतो. त्याच मार्गावर मोंबोव्हों येथून ग्रुयेरकडे फाटा फुटतो. माँत्र्योहून हंगामात ‘चॉकलेट ट्रेन’ नावाची सहलही निघते. त्यात ग्रुयेरचे चीज केंद्र आणि ब्रोकचा कारखाना दोन्ही असतात. स्वतंत्रपणे जायचे तर फ्रिबूरहून बुल आणि तिथून ब्रोकची गाडी घेता येते. कायेच्या वड्या भारतात सहसा मिळत नाहीत. नेस्लेचे कारखाने गोव्यात फोंडा आणि डिचोलीतही आहेत, पण काये बनते ते ब्रोकलाच. उन्हाळी सुट्टीत आणि पावसाळी दिवसांत तिथे रांग मोठी असते. कार्यशाळेची जागा आठवडाभर आधी राखून ठेवलेली बरी.